अर्ध्याचे अमरत्व
मनुष्याच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. पेशी दुभंगताना दोन्ही भागांना तितकीच मिळतात. बीजपेशी घडताना मात्र निसर्ग हात आखडता घेतो. तिच्या वाट्यास २३च येतात. उरलेली २३ दुसऱ्याकडून आल्यावाचून नवा जीव संभवत नाही.

कर्करोगाची पेशी याच्या अगदी उलट. विभाजनास आवर घालणाऱ्या जनुकांत बिघाड साचत जातात आणि थांबण्याची आज्ञा ती जुमानीनाशी होते.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या आईच्या कर्करोगग्रस्त गर्भाशयमुखातून, तिला न विचारता, संशोधनासाठी पेशी घेण्यात आल्या. त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी, ती निवर्तली. त्या पेशी मात्र आजही प्रयोगशाळांतून वाढत आहेत. पोलिओच्या लशीची परीक्षा करण्यास त्यांचा उपयोग झाला. शास्त्रज्ञ त्यांना अमर म्हणतात.

मग ती स्त्री कोठे उरली? काचपात्रांत, की लेकरांत आणि त्यांच्या लेकरांत? मला वाटते, लेकरांतच. तेथे ती अर्धीच आहे. पण त्या अर्ध्याने दुसऱ्यासाठी जागा सोडली, म्हणून त्यातून माणूस घडला. काचपात्रात नुसती संख्या वाढते.

तथापि पेशीला दोष देणे व्यर्थ; तिला विवेक नाही. तो पेशी घेणाऱ्यांना होता. पुढे जगाचे कल्याण झाले, हे खरे; परंतु त्या कल्याणाने न विचारल्याचा दोष फिटत नाही. विचारले असते, तर कदाचित तिने आनंदाने दिलेही असते. देण्याचा तो मान तिचा होता.