श्रद्धेची सक्ती नको



येशू यरुशलेमकडे निघाला असता एका शोमरोनी गावाने त्याला उतरायला जागा दिली नाही. याकोब आणि योहान संतापले. आकाशातून अग्नी पाडून गाव भस्म करावे, असे त्यांना वाटले. येशूने दटावले ते गावाला नव्हे, आपल्या शिष्यांना. आणि तो दुसऱ्या गावाकडे निघाला (लूक ९:५१-५६).

आपल्या कारेगावावरून जाणारा रस्ता ज्या नगरला पोहोचतो, तेथील एका घराला हाच धडा शिकावा लागला. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळेओवळेही बरोबर आले. टिळक स्वभावाने तापट, पण बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्याच मनाला विचारला आणि १९०० साली त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून असे काम झाले असते का?

टिळक प्रॉटेस्टंट होते. आपल्या ख्रिस्तसभेनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, हेच जाहीर केले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करू नये.

रांजणगाव एमआयडीसीतील कामगारांच्या एकाच खोलीत एकाची चतुर्थी, दुसऱ्याचा रोजा, तिसऱ्याची जपमाळ असते. तेथे आपण जमवून घेतो. पण घरी? दुसऱ्या धर्मातून आलेली सून मिस्साला आली नाही, तर तिच्या ताटात टोमणाही वाढला जातो. कॉलेजात जाणारा मुलगा प्रार्थनेला बसेना, की त्याच्याशी अबोला. हा त्या शिष्यांचाच अग्नी!

म्हणून श्रद्धा लपवावी असे नाही. मुलांना श्रद्धेत वाढवणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. सुनेलाही प्रार्थनेला प्रेमाने बोलवा. ती नको म्हणाली, तर तितक्याच प्रेमाने तिच्यासोबत जेवायला बसा. तिचे मन वळवणे देवाचे काम. तिला मान देणे आपले.

या कारणावरून घरात कोणाशी अबोला असेल, तर या आठवड्यात आधी आपणच बोलू या. प्रभू आपणांस तशी कृपा देवो. आमेन.