नगर वाचवणारा गरीब ज्ञानी



उपदेशकाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात एक छोटीशी हकीकत आली आहे. एका लहानशा नगराला एका बलाढ्य राजाने वेढा घातला. नगरात माणसे थोडी. परंतु त्यांच्यात एक गरीब शहाणा मनुष्य होता आणि त्याच्या शहाणपणाने नगर वाचले. पुढे मात्र त्या गरिबाची कोणालाही आठवण राहिली नाही. गरिबाचे शहाणपण तुच्छ लेखले जाते, अशी खंत उपदेशक व्यक्त करतो.

ह्या हकिकतीतील एक बारकावा आपल्या ध्यानातून सहसा निसटतो. नगर वाचले ते त्या गरिबाच्या ज्ञानामुळेच. म्हणजे ते ज्ञान वाया गेले नाही. अन्याय घडला तो नंतर. ज्ञान कामी आले आणि ज्ञानी विस्मृतीत गेला. ज्ञानाचा उपयोग करून घेणे आणि ज्ञानवंताचा मान राखणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण समजून चालतो काय? सृष्टीच्या रक्षणाची आज सर्वत्र चर्चा आहे. शास्त्रज्ञांनी आदिवासींच्या ज्ञानाची मदत घ्यावी, असेही आवर्जून म्हटले जाते. ह्या संदर्भात हा प्रश्न आपल्यासमोर ठेवावासा वाटतो.

आपल्यापैकी अनेकजण आजारी नातलगाला घेऊन चेन्नईहून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले असतील. त्या वाटेवर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. तमिळमध्ये काडु म्हणजे रान आणि कोट्टै म्हणजे किल्ला. गावाच्या नावातच रान आहे. आज मात्र तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि १९९८ पासून मोटारी तयार करणारा प्रचंड कारखाना आहे. हा सारा मुलूख जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्याचा. तळी, भातखाचरे आणि काटेरी झुडपांची राने हे त्याचे मूळ रूप. इरुळ ही आदिवासी जमात ह्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे.

इरुळांना साप कळतो. मातीवरची पुसट रेघ, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, विष्ठेचा एखादा कण एवढ्यावरून आत कोणता साप आहे आणि तो केव्हा गेला, हे ते सांगू शकतात. भातखाचरातील उंदरांची बिळे खणून ते उंदीर धरतात आणि उंदरांनी साठवलेले धान्यही बाहेर काढतात. ही विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ती बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे चालत आली आहे.

विसाव्या शतकात ह्या विद्येला एक दुर्दैवी गिऱ्हाईक मिळाले. सापाच्या कातड्याच्या पिशव्या, पट्टे आणि पादत्राणे ह्यांना परदेशात मागणी होती. लाखो कातडी निर्यात होत होती आणि ती मिळवून देणाऱ्यांत इरुळ होते. त्यांच्या हाती पडे ती किरकोळ मजुरी, नफा व्यापाऱ्याचा. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे कातड्यांचा हा व्यापार बंद पडला. सापांना अभय मिळाले ही आनंदाची गोष्ट. परंतु ज्यांना दुसरा धंदा ठाऊक नव्हता त्यांच्या चुली थंडावल्या. काल जे पोटाचे साधन होते तो आज गुन्हा ठरला.

वाचकहो, येथे खरा नैतिक पेच उभा राहतो. सापाचा जीव श्रेष्ठ की माणसाची भाकर? प्रश्न असा मांडला की कोणीतरी एक बळी जाणार, हे ठरलेलेच. परंतु असा विचार करणाऱ्याने एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते. ती ही की, गरिबाजवळ देण्यासारखे काही नाही, केवळ त्याची भूक आहे.

रोम्युलस व्हिटेकर ह्यांनी तसे गृहीत धरले नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि भारतात वाढलेल्या ह्या सर्पतज्ज्ञाने मद्रासचे सर्पोद्यान उभारले आणि १९७६ साली मामल्लपुरमजवळ वडनेम्मेली येथे मगरींच्या संवर्धनाचे केंद्र सुरू केले. साप पकडण्याची कला ते इरुळांकडून शिकले होते. ज्याच्याकडून शिकलो तो उपाशी आहे आणि त्याची विद्या मात्र अद्याप जिवंत आहे, हे त्यांनी पाहिले. १९७८ साली इरुळ सर्पधारकांची सहकारी संस्था स्थापन झाली. साप मारून कातडे विकण्याऐवजी जिवंत साप धरून त्याचे विष काढावे आणि सापाला पुन्हा रानात सोडावे, अशी ही योजना होती.

तिचे काम असे चालते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार जातींचे किती साप धरावेत, ह्याची परवानगी वनखाते देते. धरलेला साप मडक्यात तीन-चार आठवडे ठेवतात आणि आठवड्यातून एकदा त्याचे विष काढतात. नंतर त्याच्या पोटावरील खवल्यांवर बारीकशी खूण करून त्याला सोडून देतात, म्हणजे तोच साप लवकर पुन्हा सापडल्यास ओळखू येतो. हे विष सुकवून औषध कंपन्यांकडे जाते. तेथे ते अल्प प्रमाणात घोड्यांना टोचतात आणि घोड्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून सर्पदंशावरील लस बनवतात. आपल्या देशात ह्या लसीसाठी लागणारे बहुतांश विष कित्येक वर्षे ह्याच संस्थेने पुरवले आहे.

ह्याचे मोल किती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील. कोकणातील खाचरात किंवा विदर्भातील शेतात साप चावलेला जो शेतकरी लस टोचल्यामुळे वाचतो, त्याच्या प्राणांत एखाद्या इरुळ स्त्रीचा किंवा पुरुषाचा वाटा असण्याचा फार संभव आहे. त्याला त्यांचे नाव ठाऊक नसते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आदिवासींचे सर्वच ज्ञान प्रमाण मानावे काय? तसे नव्हे. सर्पदंशावर मंत्र आणि झाडपाला ह्यांवर विसंबून किती जीव गेले, हे आपल्या खेड्यांतून आपण पाहतो. नम्रता म्हणजे विवेकाला रजा देणे नव्हे. साप कोठे आहे हे इरुळ सांगतो. किती धरले असता त्यांचा वंश धोक्यात येणार नाही आणि विषापासून औषध कसे करावे, हे शास्त्रज्ञ सांगतो. विज्ञानालाही आपली मर्यादा अलीकडेच उमगली आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, आणि म्हणून एका मुलखातील विषापासून केलेली लस दुसऱ्या मुलखात कमी प्रभावी ठरू शकते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे प्रत्येक मुलखातील सापांप्रमाणे तेथील जाणत्यांचीही गरज आहे. डोळ्याने हाताला नको म्हणू नये, ही संत पौलाने करिंथकरांना दिलेली शिकवण मंडळीसाठी होती खरी. परंतु ज्या देवाने शरीर घडवले त्यानेच ज्ञानाचीही वाटणी केली आहे, आणि ती करताना पदव्या पाहिलेल्या नाहीत.

ह्या इरुळांचा गौरव झाला नाही असेही नाही. २०१७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल ह्या दोघांना बोलावून घेतले. तेथे बाहेरून आलेल्या अजगरांनी दलदलीतील वन्य प्राण्यांचा फडशा पाडला होता. भाषा परकी, भूमी परकी आणि सापही परका. तरी पहिल्या आठ दिवसांत ह्या पथकाने १३ अजगर पकडले. २०२३ साली भारत सरकारने दोघांनाही पद्मश्री दिली.

परंतु दोघांना पदक मिळाल्याने समाजाचे ऋण फिटते काय? तामिळनाडूत वीटभट्ट्या आणि भातगिरण्यांतून वेठबिगारीतून सोडवलेल्या कुटुंबांत आजही इरुळ असतात. ज्यांच्या ज्ञानाने इतरांचे प्राण वाचतात, त्यांच्या भाऊबंदांची मजुरी अडकवून ठेवली जाते. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडत आहे, असा इशारा आहे. ती ओरड ऐकू येत नसेल तर आपली सृष्टिरक्षणाची भाषा अर्धवट आहे. वडनेम्मेलीच्या संस्थेचे महत्त्व विषाच्या विक्रीत जेवढे आहे त्याहून अधिक ती सहकारी आहे ह्यात आहे. तेथे इरुळ हा सभासद आहे. ज्ञान त्याचे आहे आणि संस्थाही त्याची आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळीला हा धडा सर्वस्वी नवा नाही. वेल्लोरलाच शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली जामखेडला आरोग्यसेवेचे काम सुरू केले, तेव्हा निरक्षर, दलित आणि परित्यक्ता स्त्रियांना त्यांनी केवळ रुग्ण मानले नाही. त्यांनाच आपल्या गावाच्या आरोग्यसेविका केले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या स्त्रियांनी मात्र त्यापूर्वीच आपापल्या गावात मान कमावला होता.

आपल्या दाराशी कातकरी आहेत, वारली आहेत, ठाकर आहेत. रायगड-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकऱ्याला रानातील कंद आणि ओढ्यातील मासे ह्यांविषयी जे ठाऊक आहे, ते आपल्या शाळा-महाविद्यालयांतून शिकवले जात नाही. आपण त्याच्याकडे जातो ते जुने कपडे द्यायला, औषध द्यायला, सुवार्ता सांगायला. ते सारे चांगलेच आहे. पण काही शिकायला आपण कधी गेलो काय? जो केवळ देतो तो नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो. प्रभू येशूने विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी संभाषण सुरू केले ते तिच्याजवळ पाणी मागून. ज्याच्याजवळ जिवंत पाणी होते त्याने आधी मागितले, आणि त्या मागण्यातच तिचा मान राखला गेला.

म्हणून, वाचकहो, आपल्या मंडळीतून पुढच्या वेळी कोणी पाड्यावर जाईल तेव्हा त्याने द्यायच्या वस्तूंबरोबर एक प्रश्नही न्यावा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. जे उत्तर मिळेल ते देणाऱ्याच्या नावासह जपावे, आणि त्यातून काही लाभ झाला तर त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचवावा. त्या गरीब ज्ञान्याची आठवण नगराला राहिली नाही. देवाला मात्र होती, म्हणून ती हकीकत पवित्र शास्त्रात लिहिली गेली. ती वाचून आपण आपल्या गावातील त्या गरिबाला विसरू नये, इतकेच मागणे आहे.