उपचार: दान की ऋण

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेचा वाद बहुधा खर्चाच्या आकड्यांवर चालतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते आणि ते साधले नाही, ही त्या वादातील नेहमीची तक्रार आहे व ती रास्तही आहे. परंतु पैसा किती, यापूर्वी तो कोणत्या नात्याने द्यायचा हे ठरावे लागते. आजाऱ्याला मिळणारा उपचार हे समाजाने त्याला दिलेले दान आहे की समाजाच्या माथ्यावरील ऋणाची फेड, हा मूलतः धर्मविचारातील प्रश्न आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याबरोबरच देश, काळ आणि पात्र, म्हणजे योग्य स्थळ, योग्य वेळ व योग्य घेणारा, यांचा विचार सांगितला आहे. दानाचा हा विवेक थोर आहे, पण आजारपणाला तो लागू पडत नाही, हे इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तुकाराम महाराजांची पालखी आषाढात बारामतीहून इंदापूरकडे जाताना या गावावरून जाते. त्या दिवसांत आरोग्य खात्याची पथके आणि सेवाभावी मंडळे वारकऱ्यांवर मोफत उपचार करतात, आणि पाय सुजलेल्या माणसाला तो कोण, कुठला, हे विचारले जात नाही. त्या काळापुरती पात्रतेची अट तिथे गळून पडलेली असते, आणि वारकरी परंपरेने समाजाला दिलेली ही फार मोठी शिकवण आहे. तरीही स्थळाची व काळाची अट उरतेच, कारण पालखी पुढे सरकते. पानमळ्यात राबणाऱ्या मजुराला कार्तिकात ताप आला किंवा त्याच्या घरी अवेळी प्रसूतीची वेळ आली, तर त्याला अनेकदा इंदापूर, बारामती आणि शेवटी पुण्याचे ससून रुग्णालय ही वाट धरावी लागते.

राज्याच्या योजनांनी दीर्घकाळ पात्रतेचीच वाट धरली. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली, ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती; २०२३ मध्ये ती सर्वांना खुली करून प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र अशी योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीत नमूद असलेल्या उपचारांचे पैसे भरते. रक्तदाबाची रोजची गोळी, गरोदरपणातील तपासणी, लसीकरण ही कामे उपकेंद्राची व प्राथमिक आरोग्य केंद्राची राहतात. मैदानी भागात साधारण तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हे प्रमाण असले, तरी तिथे डॉक्टर राहतो का आणि औषध असते का, यावरच त्याचे मोल ठरते.

ऋणाची कल्पना इथे अधिक खोल जाते. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत, तर शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण जोडले असून अन्न आणि निवारा देऊन ते फेडायचे असते. हे ऋण जन्मानेच लागते, म्हणून ज्याला द्यायचे त्याची लायकी तपासण्याचा अधिकार ऋणकोला नसतो. सक्तीने वसूल होणाऱ्या करात पुण्य कुठले, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. परंतु कर्ज फेडल्याचे पुण्य कोणी मागत नाही, आणि म्हणूनच घेणाऱ्याला उपकाराखाली मान झुकवावी लागत नाही. मर्यादित पैशात डायलिसिस आधी की लसीकरण, हे मात्र ऋणविचार सांगत नाही. तो निर्णय वैद्यकशास्त्राने आणि लोकनियुक्त सभांनी घ्यावयाचा आहे.

दानाला यात जागा नाही असे नव्हे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे रुग्णालय १८६७ पासून गरिबांना आसरा देत आले आहे, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी प्राण दिले. पण एखाद्याच्या त्यागावर रोजची व्यवस्था उभी करणे हा त्या त्यागाचाही अपमान ठरतो. खेडोपाडी घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकांना वेतन नव्हे तर मानधन व कामागणिक मोबदला मिळतो, आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी मोबदला वाढावा म्हणून संप केले. सर्वांच्या माथ्यावरील ऋण आज मोठ्या प्रमाणात गावातील या अल्प उत्पन्नाच्या स्त्रिया आपल्या श्रमाने फेडत आहेत, आणि त्यांच्या सेवाभावाचा गौरव करून त्यांचे वेतन टाळणाऱ्या शासनाला ते ऋण स्वतः फेडल्याचे म्हणता येत नाही.