धुराचे वय

कार्तिक लागला की दिल्लीत धुराबरोबर आरोपही दाटतात. कुणी पराली जाळणाऱ्या पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याला दोषी धरतो, कुणी गुरुग्राम-नोएडाच्या मोटारींना. या भांडणात ज्याच्या साक्षीवर माझा विश्वास आहे, तो कार्बन-१४.

झाडेपिके हवेतून हा किरणोत्सारी कार्बन घेत असतात. त्याचे अर्धायुष्य ५७३० वर्षांचे, त्यामुळे कोट्यवधी वर्षे जमिनीत राहिलेल्या कोळशात किंवा खनिज तेलात तो उरतच नाही. काजळीत तो जितका कमी, तितका डिझेल-कोळशाचा वाटा मोठा.

पण लाख कोटी कार्बन अणूंमागे हा जेमतेम एक. ताज्या लाकडाच्या मिलिग्रॅमभर कार्बनमध्ये असे सुमारे सहा कोटी अणू असतात आणि तासाभरात त्यांतला एखादाच फुटतो. फुटण्याची वाट न पाहता अणूच मोजायचे, हे १९७७ च्या सुमारास साधले. खरा अडथळा होता जवळपास तेवढ्याच वजनाच्या नायट्रोजनचा. त्याचा ऋण आयन टिकत नाही. म्हणून आधी ऋण आयन तयार करायचे, की तो आपोआप गळतो. वजनाने कार्बन-१४ सारखेच भासणारे रेणू पुढे वेगाने वायूतून जाताना फुटतात. ही युक्ती मला अतिशय देखणी वाटते. जेएनयूशेजारच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये याच कामासाठी ५०० किलोव्होल्टचे यंत्र आहे.

सिंहगडावर गोळा केलेल्या काजळीचीही अशी तपासणी झाली. २००९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात जैविक ज्वलनाचा वाटा मोठा निघाला. दिल्लीचे निष्कर्ष २०१९ चे: शरद आणि हिवाळ्यात काजळीचा ४२ टक्के भाग जैविक ज्वलनाचा, उन्हाळ्यात फक्त १७. दोन्ही आकड्यांना अधिक-उणे १७ ची जोड आहे आणि ती गाळून आकडा सांगणे म्हणजे अर्धसत्य सांगणे.

शिवाय कार्बन-१४ ला आग कुणी लावली ते कळत नाही. शेतातली पराली, चुलीतले लाकूड, थंडीत फुटपाथवर पेटवलेली शेकोटी, सगळे त्याच्या लेखी ताजेच. त्यामुळे ४२ टक्के दाखवून सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणे चूक आहे. धूर कुठून आला हे ठरवायला वाऱ्याची दिशा आणि उपग्रहाची चित्रेही लागतात. आणि २०१९ चे आकडे आता जुने झाले. दिल्लीची काजळी दरवर्षी, दिल्लीतल्याच यंत्रावर मोजावी आणि आकडे त्रुटीसह लोकांसमोर ठेवावेत.