पाऊल पडल्यानंतर

नागासाकी एका दिवसात दाखवणारी सहल बहुधा रेल्वे स्टेशनापासून निघते, आणि निशिझाकाची टेकडी स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर असल्यामुळे ती सुरुवातीलाच लागते. टेकडीवरच्या एका लांब भिंतीत २६ कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने इथे २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकले. त्याआधी क्योतोमध्ये त्यांतल्या बहुतेकांच्या डाव्या कानाची पाळी कापली होती आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना या बंदरापर्यंत आणले होते. त्यांतला सर्वांत लहान, लुदोविको इबाराकी, १२ वर्षांचा होता. आणि एक जण आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, जेझुइटांबरोबर जपानला गेला, पुढे मकावमध्ये व्यापारात पडला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे दुभाषा म्हणून पुन्हा जपानात आला. १८६२ मध्ये रोमने या २६ जणांना संतपद दिले. वसईत त्याचा सण आजही साजरा होतो, त्याच्या नावाचे महाविद्यालयही आहे.

टेकडी उतरून ट्रामने दक्षिणेला गेले की देजिमा, मग ओउराचे चर्च, आणि उलट दिशेला उराकामी. दिवसभराचा हा क्रम सोयीपुरता असला, तरी तो पाहणाऱ्याच्या मनात एक निवाडा पेरून जातो. श्रद्धा सोडायला ज्यांनी नकार दिला त्यांच्यापासून दिवस सुरू होतो, त्यामुळे श्रद्धेचा इतिहास म्हणजे नकार देणाऱ्यांचा इतिहास असे वाटू लागते. पण या शहराने उभा केलेला धार्मिक प्रश्न त्या मूर्तींपाशी संपत नाही. ज्यांच्या मूर्ती उभारता येणार नाहीत, त्या माणसांपाशी तो सुरू होतो. येशूच्या आणि मारियेच्या प्रतिमेवर पाय दिला, घरी गेली, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पाय दिला अशी ती माणसे. त्यांची श्रद्धा त्या पावलाबरोबर संपली का?

हे पाऊल नेमके काय होते ते आधी पाहिले पाहिजे. जिच्यावर पाय द्यायचा ती प्रतिमा म्हणजे फुमिए, आणि पाय देण्याची क्रिया एबुमी. १६१४ च्या बंदीनंतर छळ वाढत गेला आणि १६२० च्या दशकाच्या अखेरीस नागासाकीत ही परीक्षा सुरू झाली. आधी कागदावरची चित्रे वापरत. ती पायांखाली फाटून जात, म्हणून धातूच्या प्रतिमा लाकडी फळ्यांत बसवल्या गेल्या. १६६९ मध्ये हागिवारा युसा या इथल्याच कारागिराकडून २० पितळी फुमिए ओतून घेतल्या. नवीन वर्ष उजाडले की पहिल्याच महिन्यात शहरात अंमलदार यादी घेऊन घरोघर फिरत. घरातल्या प्रत्येकाने अनवाणी पाय ठेवायचा. आजारी माणूस सुटत नसे, तान्ह्या मुलाचे पाऊलही प्रतिमेला टेकवले जाई. हे १८५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे चालले. इतके अंगवळणी पडले की मारुयामा वस्तीतल्या गणिका या दिवशी उंची वस्त्रे नेसून येत आणि त्यांना पाहायला गर्दी लोटे. हायकूकारांच्या कोशात एबुमी हा वसंत ऋतूचा शब्द होऊन बसला. जुलूम सणावारात मिसळून जातो तेव्हा तो ओळखणे सर्वांत कठीण होते. ज्याच्या घरातल्या भिंतीमागे मारिया लपवलेली होती, त्याच्यासाठी मात्र तो सण नव्हता. चाळीस वर्षांच्या माणसाने चाळीस वेळा पाय दिलेला असायचा.

मराठी वाचकाच्या तोंडी यावर एक उत्तर तयार असते, आणि ते हलके नाही. देव भावाचा भुकेला. पाय कुठे पडला याला महत्त्व नाही, मन कुठे होते याला आहे. पितळेच्या तुकड्यावर पाय दिल्याने देव दुखावत असेल तर तो देवच कसला? हे उत्तर मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्याच घरात आहे. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण वाकून त्याला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. पुस्तक कागदाचे आहे, त्याला काही दुखत नाही, आणि पाय मुद्दाम लावलेला नाही, हे सगळे ठाऊक असूनही हात खाली जातोच. शरीर जे करते त्याला अर्थ असतो, आणि तो अर्थ ‘माझ्या मनात तसे नव्हते’ एवढे म्हणून पुसला जात नाही. फुमिए ओतवून घेणाऱ्यांना हे पक्के माहीत होते. मनात काय आहे ते त्यांना दिसत नव्हते, पण पाय टेकताना चेहरा बदलतो, श्वास अडखळतो, हे त्यांनी पाहिले होते. पाय आणि मन यांचा काहीच संबंध नसता, तर ही परीक्षा दोन वर्षांत बंद पडली असती.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आहे. पाय दिला की संपले. उरली ती भीती आणि तिच्यावर घातलेले पांघरूण. युरोपात या बाजूने बोलणारे पुष्कळ होते. देजिमाच्या पंख्याच्या आकाराच्या बेटावर १६४१ पासून डच व्यापारी कोंडल्यासारखे राहिले, आणि व्यापारासाठी ते क्रूस तुडवतात अशी कुजबुज दूरवर पोचली. स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्येही तिचा टोमणा सापडतो. डचांना तो टोमणा लागू होता की नाही हा वेगळा वाद. पण डोंगरातल्या आणि बेटांवरच्या शेतकऱ्या-कोळ्यांना तो लावता येत नाही, कारण त्यांनी मागे एक ठोस पुरावा ठेवला आहे. १६०३ मध्ये, बंदी येण्याच्या दशकभर आधी, ‘कोन्चिरिसान नो र्याकु’ नावाची एक पुस्तिका छापली गेली. पाद्री जवळ नसेल तेव्हा माणसाने खऱ्या, संपूर्ण पश्चात्तापाने देवाची क्षमा कशी मागावी, हे तीत शिकवले होते. छळाच्या काळात ती हाताने उतरवून घेतली गेली, पाठ केली गेली, आणि लपून राहिलेल्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या टिकली. बायबल त्यांच्याजवळ नव्हते, मिस्सा नव्हता, पाद्री नव्हता. जे काही थोडे जपता आले त्यात पश्चात्तापाची ही प्रार्थना होती.

माझे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. पाय देणे निरर्थक आहे असे त्यांना वाटत असते, तर या पुस्तिकेची गरज पडली नसती. पाय दिल्याने सगळे संपले असे वाटत असते, तर तिचा उपयोग नव्हता. पाऊल हा अपराध आहे असे ते मानत राहिले, आणि त्या मानण्यातच त्यांची श्रद्धा जिवंत राहिली. शूसाकु एंदोने १९६६ च्या ‘चिम्मोकु’ या कादंबरीत पायाखालच्या ख्रिस्तालाच पाद्र्याला ‘पाय ठेव’ असे सांगायला लावले, आणि अनेकांच्या मनात नागासाकीचा प्रश्न तेव्हापासून तसाच ठसला आहे. कादंबरी मोठी आहे, पण इथे मी तिच्यापासून वेगळा होतो. लपलेल्या ख्रिस्तींनी देवाकडे परवानगी मागितली नाही. त्यांनी क्षमा मागितली. परवानगी मिळाली की माणूस मोकळा होतो. क्षमा मागणारा बांधलेला राहतो, आणि हे लोक पुढच्या पुढच्या पिढीला तेच बंधन देत गेले.

मग हुतात्म्यांचे मरण व्यर्थ गेले का, असे कोणी विचारील. पाय देऊनही श्रद्धा राहते, तर गोन्सालोने आणि त्या बारा वर्षांच्या मुलाने जीव का द्यावा? हा आक्षेप दोघांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी धरतो. पाय देणाऱ्यांनी तसे कधी धरले नाही. हिरादोजवळच्या नाकाएनोशिमा या निर्जन बेटावर १६२० च्या दशकात ख्रिस्तींना मारले होते. इकित्सुकीचे लपलेले ख्रिस्ती बाप्तिस्म्याचे पाणी त्याच बेटाच्या खडकांतून झिरपणारे आणत. दर वर्षी पाय देणाऱ्या बापाच्या मुलाच्या कपाळावर न वाकणाऱ्यांच्या बेटावरचे पाणी पडे. यात ‘आम्हीही तुमच्याइतकेच’ हा दावा नाही. आपण कमी पडलो याची कबुली आहे, आणि ज्यांनी ते पेलले त्यांच्याशी नाते न तोडण्याचा हट्ट आहे. हुतात्मा मोजला जातो तो एका दिवसावरून. या माणसांना मोजायला आयुष्य लागते.

क्रिस्तोव्हाओ फेरेइराचे उदाहरण त्यामुळेच इथे कामाला येते. जपानातल्या जेझुइटांचा हा प्रमुख ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत खड्ड्यात उलटा टांगला गेला आणि काही तासांत त्याने धर्म सोडला. त्याच वेळी टांगलेला नाकाउरा जूलियान धर्म न सोडता मेला. पोरवयात गोव्यावरून रोमला जाऊन आलेल्या चार जपानी मुलांपैकी तो एक. फेरेइरा पुढे सावानो चुआन या नावाने राहिला, पकडलेल्या ख्रिस्तींच्या चौकशांत दुभाषा झाला, ख्रिस्ती धर्माविरुद्धच्या पुस्तकाला त्याचे नाव लागले. त्याच्या आत काय चालले होते ते सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि ज्याने तो खड्डा सोसलेला नाही त्याने त्याला भ्याड म्हणू नये. पण त्याच्यात आणि उराकामीच्या पाय देणाऱ्या शेतकऱ्यात फरक आहे, आणि तो मोडण्याच्या क्षणी नाही, मोडले दोघेही. फरक नंतरच्या वर्षांत आहे. एकाचे दिवस ज्यांनी मोडले त्यांच्या कामात गेले, दुसऱ्याचे जे मोडले ते सांधण्यात.

सर्वांत अवघड आक्षेप त्या पश्चात्तापाच्या पुस्तिकेतूनच निघतो. कॅथलिक शिकवणुकीत खऱ्या पश्चात्तापाला एक अट आहे: हे पुन्हा करणार नाही, असा निश्चय. फुमिएच्या दिवशी घरी येऊन प्रार्थना करणाऱ्याला पुरते ठाऊक असे की पुढच्या नववर्षाला अंमलदार पुन्हा येणार आणि आपण पुन्हा पाय देणार. मग तो निश्चय खोटाच नव्हे का? आणि निश्चय खोटा तर पश्चात्तापही खोटा. हा आक्षेप टाळता येत नाही. या लोकांच्या चतुराईचे जे कौतुक होते, त्यातून तर याचे उत्तर मुळीच मिळत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने नागासाकी परिसरातली लपलेल्या ख्रिस्तींची १२ स्थळे जागतिक वारशात घेतली. निशिझाका त्यांत नाही. मानाचा काटा इकडे झुकला याचे मला समाधान आहे. पण बौद्धांच्या कान्नोनच्या मूर्तीत मारिया कशी पाहिली, प्रार्थना कशा दडवल्या, अशी युक्तीची गोष्टच तेवढी सांगितली, की त्या युक्तीखालची शरम झाकली जाते. आक्षेप त्या शरमेबद्दल आहे.

त्याचे उत्तर शब्दांत नाही, १८६५ आणि १८६७ या दोन वर्षांत आहे. परदेशी वस्तीसाठी फ्रेंच पाद्र्यांनी ओउराला चर्च बांधले, ते निशिझाकाच्या २६ जणांना वाहिले, आणि त्याचे तोंडही त्या टेकडीच्या दिशेला केले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची दहा-पंधरा माणसे तिथे आली. त्यांतल्या एका बाईने फादर पेतिजाँच्या कानाशी सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे. त्यांच्या परिसरात एक सांगी चालत आली होती की सात पिढ्यांनंतर कबुलीजबाब ऐकणारे पाद्री येतील. म्हणजे पश्चात्ताप पुरा झाला, असे त्यांनी कधी मानलेच नव्हते. ज्याच्यापाशी तो पुरा करायचा तो यायचा होता, आणि तोवर ते देणे मुलांच्या नावावर चढत गेले.

निश्चय खरा होता की खोटा याची कसोटी दोन वर्षांत लागली. १८६७ मध्ये याच उराकामीकरांनी बौद्ध मठाकडून अंत्यविधी करून घ्यायला उघड नकार दिला. अटका झाल्या, सरकार बदलले तरी छळ थांबला नाही, आणि सगळे गाव, तीन हजारांहून जास्त माणसे, देशाच्या पश्चिम भागात वाटून हद्दपार झाले. सहाशेहून अधिक जण तिकडेच मेले. काहींनी तिथेही मान तुकवली, आणि त्यांतल्या कित्येकांनी नंतर आपला शब्द मागे घेतला. १८७३ मध्ये बंदी उठेपर्यंत हे चालले. ज्यांच्या आजापणजांनी दर नववर्षाला पाय दिला होता, त्याच घरांतल्या माणसांनी हे सोसले. निश्चय कच्चा असेल, वर्षानुवर्षे मोडलेला असेल; पण खोटा निश्चय सात पिढ्यांनंतर असा उभा राहत नाही. सगळे लपलेले लोक चर्चमध्ये परतले नाहीत, हेही सांगायला हवे. आजोबांनी शिकवलेल्या प्रार्थना, शब्द झिजून अर्थ हरवलेल्या का असेनात, त्याच आपला धर्म असे काहींनी ठरवले आणि ते वेगळे राहिले. त्यांना चुकलेले म्हणावे असे मला वाटत नाही. जे एवढे दिवस जपले त्याच्याशी तेही प्रामाणिकच होते.

हद्दपारीतून परतलेल्या उराकामीकरांना शेत उरले नव्हते, घरे पडली होती. तरीही १८८० मध्ये त्यांनी चर्चसाठी जमीन विकत घेतली. ती गावच्या मुखियाच्या जुन्या वाड्याची होती. त्याच वाड्यात दर वर्षी फुमिए मांडली जाई आणि त्यांचे वाडवडील रांगेत उभे राहत. तिथे उभारायला घेतलेल्या विटांच्या चर्चला १८९५ ते १९१४ इतका वेळ लागला. ९ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब साधारण अर्ध्या किलोमीटरवर फुटला. चर्च कोसळले आणि या धर्मग्रामातली सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसे मेली. आज प्रवासी तिथे येतो तो त्या दिवसाच्या खुणा पाहायला, आणि ते योग्यच आहे. १९५९ मध्ये चर्च पुन्हा बांधले गेले, आणि जागा तीच राहिली: मुखियाच्या वाड्याची, जिथे अनवाणी पाय टेकवले जात ती.