शास्त्र कोणास म्हणावें?

मांजरसुंबा, जिल्हा बीड



आपल्या भाषेंत ‘शास्त्र’ ह्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. मंडळींत आपण पवित्र ग्रंथास शास्त्र म्हणतों. आणि शाळेंत मुलें सृष्टीची जी परीक्षा शिकतात, तीसही शास्त्रच म्हणतात. म्हणून एखाद्या मुलानें घरीं येऊन, “माणूस पूर्वींच्या प्राण्यांपासून झाला असें शास्त्र सांगतें, मग देवानें मनुष्य उत्पन्न केला हें खोटें काय?” असें विचारलें, म्हणजे उपदेशक गोंधळतो.

एक उत्तर सोपें वाटतें: “वानराचा माणूस होतांना कोणीं पाहिला?” सन २०१८ च्या जानेवारींत औरंगाबाद (आतांचें छत्रपती संभाजीनगर) येथें त्या वेळचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह ह्यांनीं असेंच म्हटलें, आणि डार्विनचें मत पाठ्यक्रमांतून बदलावें असें सुचविलें. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं एकत्र निवेदन काढून त्यास विरोध केला. आजचें वानर माणूस झालें, असें उत्क्रांतिवाद म्हणतच नाहीं. दोघांचे पूर्वज अति प्राचीन काळीं एक होते, असें तो म्हणतो.

परंतु “कोणीं पाहिलें?” हा प्रश्न तरी न्यायाचा आहे काय? आपल्या बालाघाटाचा काळा दगड सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमींतून वाहिलेल्या तप्त रसाचा झाला आहे. तो वाहतांना कोणीं पाहिला नाहीं, तरी दगड साक्ष देतो. रात्रीं चोर कोणीं पाहिला नसला, तरी पावलांचा माग राहतोच.

असा माग काढणारा एक मनुष्य मिशनरीच होता. रे. स्टीफन हिस्लप हे १८४५ त नागपुरास आले. सुवार्तेचें व शाळेचें काम करितां करितां ते व रे. हंटर ह्यांनीं काळ्या दगडाच्या थरांमध्यें गोड्या पाण्यांतील शिंपा, फळें व बिया दगडरूप झालेल्या शोधिल्या. म्हणजे एक रस थंड झाला, त्यावर तळीं झालीं, त्यांत जीव वाढले, आणि मग दुसरा रस आला. त्यांचा लेख १८५५ त लंडनास प्रसिद्ध झाला. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर, १८५९ त निघाला.

ह्यावरून सृष्टिशास्त्राचें लक्षण कळतें. जें म्हणणें पुराव्यापुढें उभें राहतें, आणि पुरावा उलट निघाल्यास सोडून द्यावें लागतें, तेंच त्या अर्थानें शास्त्र. त्या प्राचीन थरांत माणसाचीं हाडें सांपडलीं, तर विद्वानांस आपलें मत बदलावेंच लागेल. “देव उत्पन्नकर्ता आहे” हें वचन मात्र हातोड्यानें तपासतां येत नाहीं. म्हणून तें खोटें ठरत नाहीं. पण तें सृष्टिशास्त्राचा धडाही ठरत नाहीं.

सहा दिवस अक्षरशः चोवीस तासांचे धरिले, तर ह्या पुराव्याशीं विरोध येतो. तो मुलांपासून लपवूं नये. पुष्कळ विश्वासी त्या अध्यायाचा अर्थ निराळा करितात, हेंही त्यांस सांगावें. विश्वास राखण्यासाठीं कच्चा युक्तिवाद शिकविला, तर मुलगा मोठा झाल्यावर त्या युक्तिवादाबरोबर विश्वासही टाकून देईल. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आपण मानतों. ती दगडांच्या साक्षीविषयींही पाळावी.