सोसण्याचे श्रेय कोणाचे?

संकट टळले की माणूस म्हणतो, 'मी होतो म्हणून टिकलो. दुसरा असता तर केव्हाच कोसळला असता.' या बोलण्यात खरे किती आणि अहंकार किती, याचा विचार आज आम्ही गवताच्या काडीला पुढे ठेवून करणार आहोत. गवत म्हणजे क्षुद्र वस्तू खरी. पण शिकणाऱ्याने गुरूचा आकार पाहू नये.

अमेरिकेत यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे जमिनीतून कढत पाण्याचे झरे फुटतात आणि भोवतालची माती विलक्षण तापते. तशा मातीत आपल्या वरईशी दूरचे नाते असलेले एक गवत हिरवेगार उभे असते. पाहणारा म्हणेल, काय हे तप! पण 2002 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या गवताच्या अंगात एक बुरशी वस्तीला असते. दोघांना वेगळे केले, तर 38 अंश सेल्सिअसच्या पुढे गवताचाही निभाव लागत नाही आणि बुरशीचाही. एकत्र असली म्हणजे मात्र 65 अंशांपर्यंत तापलेली माती सोसतात. बरे, श्रेय बुरशीला द्यावे, तर तेही पुरते खरे नाही. 2007 साली कळले की, त्या बुरशीच्या पोटात एक विषाणू असतो आणि तो काढून टाकला की बुरशीची ही शक्ती जाते. तो परत घातला की शक्ती परत येते. आता सांगा, ताप सोसला कोणी? तिघांपैकी एकालाही 'मी' म्हणण्याची सोय उरली नाही.

येथे कोणी विचारील, मग कोणतीही संगत चांगलीच म्हणायची काय? तसे नव्हे. त्याच देशात 'केंटकी-31' नावाचे फेस्क्यू जातीचे गवत 1943 पासून कुरणांत पसरले. दुष्काळ सोसणारे, चिवट म्हणून शेतकरी खूश झाले. पण ते खाऊन गुरे खंगू लागली, काहींचे तर खूर सडले. 1977 साली कारण उमगले. या गवतातही एक निराळी बुरशी असते. ती गवताला जपते, परंतु तिचे विष गुरांना बाधते. मग बुरशीविरहित बियाणे काढले. गुरे बरी राहिली, पण गवतच उन्हात आणि चराईत टिकेना! शेवटी गुरांना बाधणारे विष न करणारा त्याच बुरशीचा वाण शोधून तो गवतात वसवला, तेव्हा दोघांचेही भले झाले. आम्ही यातून एवढेच घेतो की, एकाला तारणारी संगत दुसऱ्याला मारीत असेल तर ती निर्दोष नव्हे. पण दोष दिसला म्हणून संगतच तोडणे हाही उपाय नव्हे. संगत निवडावी लागते.

हे सारे परदेशातच घडते असे मात्र नाही. आपली ज्वारी, बाजरी, ऊस ही गवताचीच भावंडे. त्यांच्या मुळांशी आणखी एका प्रकारची बुरशी नांदते. पीक तिला साखर देते. ती आपले बारीक तंतू दूरवर पसरून स्फुरद आणून देते. तेच तंतू मातीचे कण बांधून धरतात, म्हणून पावसाने माती सहजी वाहून जात नाही. वारंवार नांगरट केली की हे तंतू तुटतात. स्फुरदाचे खत वारेमाप घातले, तर पिकाला त्या सोबत्याची गरजच उरत नाही आणि नाते सैल पडते. सुबत्तेत सोबती विसरण्याची ही रीत माणसांतही काही कमी नाही.

कोणी म्हणेल, ही तर नुसती देवघेव. यात धर्म कुठला? आम्हीही गवताला पुण्यवान म्हणत नाही. त्याला आपला सोबती ठाऊकच नाही. आपल्याला मात्र तो ठाऊक होऊ शकतो, आणि धर्म तेथूनच सुरू होतो. पंढरीची वाट चालून आलेल्याने 'मी चाललो' जरूर म्हणावे. पण वाटेत पाण्याचा तांब्या पुढे करणारा, रात्री ओसरी झाडून देणारा आणि घरी राहून गुरांना चारा घालणारा, हे सारे त्या 'मी'मध्येच चालले होते, एवढे विसरू नये. उपकार दिसत नाही म्हणून तो झालाच नाही, असे समजणे हीच खरी कृतघ्नता होय.